उसाच्या बेटावरचा नर्तक

मॉरिशसच्या मराठी माणसाचा इतिहास आपण बोटीपासून सुरू करतो. मुंबई बंदर, गिरमिटावरचा, म्हणजे मजुरीच्या करारावरचा अंगठा, पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या दगडी पायऱ्या, उसाचे मळे, मग भजनी मंडळं, गणेशोत्सव, शाळा आणि 1968 साली स्वतंत्र झालेल्या देशाचं नागरिकत्व. हा क्रम खरा आहे, पण त्यात जमीन कुठेच येत नाही. बोट ज्या किनाऱ्याला लागली त्या किनाऱ्यामागे काय उगवत होतं, कोण गात होतं आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्याचं काय झालं, हा प्रश्न आपल्या मराठी लेखनात क्वचितच येतो. तिकडे बेटावरच्या पक्ष्यांचा इतिहास लिहिणारे शास्त्रज्ञ झाडं, उंदीर, माकडं आणि वादळं यांचा हिशेब चोख मांडतात, पण मळ्यात राबलेला माणूस त्यांच्या लिखाणात ‘लोकसंख्या’ या एका शब्दापुरता उरतो. या दोन इतिहासांना वेगळं करणारी भिंत काढायला हवी, असं मला वाटतं. मॉरिशसच्या जंगलात उडणारे कीटक टिपून जगणारा एक चिमुकला गाणारा पक्षी आणि कोकणातून तिथे गेलेला गिरमिट्या मजूर, या दोघांचं भवितव्य एकाच निर्णयाने ठरलं. तो निर्णय एकाच पिकाचा होता, आणि तो घेताना या दोघांपैकी कुणालाही कुणी विचारलं नव्हतं.

पक्षी आपल्याला अगदीच परका नाही. रिसोड तालुक्यातल्या केनवडपासून कोकणापर्यंत महाराष्ट्रात पक्षी पाहणाऱ्यांना स्वर्गीय नर्तक माहीत असतो. काही जण त्याला बाणपाखरू म्हणतात. नराची लांबलचक फितीसारखी शेपटी, काळा चकचकीत तुरा, आणि नाल्याकाठच्या दाट झाडीत एका फांदीवरून झेपावून माशी टिपत पुन्हा फांदीवर येण्याची सवय. मॉरिशसचा पक्षी याच प्रजातीतला, म्हणजे त्याचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ. तिथल्या क्रिओल बोलीत त्याला ‘कोक-दे-ब्वा’ म्हणतात. पाठ आणि शेपटी तांबूस विटकरी, पोट राखाडी, नराचं डोकं निळसर काळं आणि तकतकीत, मादीचं राखाडी. मात्र भारतीय नरासारखी लांब शेपटी बेटावरच्या नराला नसते. शेवाळ आणि दगडफुलासारखे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने बांधून तो फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं करतो. त्याला सावली लागते, दमट हवा लागते आणि त्या सावलीत उडणारे कीटक लागतात. मॉरिशस आणि शेजारचं रेयुनियों एवढीच दोन बेटं त्याची जन्मभूमी. दोन्हीकडे त्याच्या उपजाती वेगळ्या आहेत. रेयुनियोंवर तो आजही नेहमी दिसणारा पक्षी आहे, तर मॉरिशसवर त्याची संख्या काही शेंच्या घरात उरली आहे. एकाच पक्ष्याची दोन शेजारच्या बेटांवर अशी दोन नशिबं का झाली, या प्रश्नात माझ्या मुद्द्याचा बराचसा पुरावा दडलेला आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी तारखा पाहू, कारण कुणी काय केलं हे तारखांवरूनच कळतं. डच 1598 साली बेटावर उतरले आणि 1638 मध्ये त्यांनी वस्ती केली. जावाहून हरणं आणली, ऊसही त्याच सुमारास आला, किनाऱ्यालगतचं शिसवीसारखं काळं मोलाचं लाकूड तोडून नेलं. डोडोची शेवटची विश्वासार्ह नोंद 1662 ची मानली जाते. 1710 मध्ये डच निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं आणि त्याला ‘इल-द-फ्रान्स’ म्हटलं. 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला टोळांवर उपाय म्हणून भारतातली साळुंकी तिथे नेण्यात आली. किडीचा बंदोबस्त करायला दुसऱ्या देशातून पक्षी आणण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी हा एक. त्याच काळात एक वेगळा माणूसही बेटावर आला. पिएर प्वाव्र हा 1767 ते 1772 तिथला प्रमुख प्रशासक होता. झाडं गेली की पाऊस जातो आणि माती वाहून जाते, असं तो ठामपणे मानत असे. त्याच्या काळात, 1769 च्या नियमांनुसार, प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा झाडीखाली राखायचा होता. याचं महत्त्व कमी लेखू नये. जंगल राखलं पाहिजे हे त्या बेटावरच्या राज्यकर्त्यांना ऊस पसरण्याच्या पन्नास वर्षं आधी ठाऊक होतं. पुढे जे झालं ते अज्ञानापोटी झालं, ही सबब म्हणूनच मान्य करता येत नाही.

इंग्रजांनी 1810 मध्ये बेट घेतलं तेव्हा ते बंदराचं आणि व्यापाराचं बेट होतं. ऊस हे अनेक पिकांपैकी एक. कलाटणी 1825 मध्ये मिळाली. त्या वर्षी ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचं आयात शुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतकं खाली आणलं. लंडनमध्ये झालेल्या या एका कागदी बदलाने बेटाचा सगळा कल फिरला. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, आणि नुकसानभरपाई गुलामांना नव्हे तर मालकांना मिळाली, वीस लाख पौंडांहून अधिक. त्या पैशाचा मोठा भाग पुन्हा उसात गेला. मजुरांची सोय आधीच सुरू झाली होती: 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांहून जास्त माणसं भारतातून या बेटावर गेली, ज्याचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरही नाही. 1850 च्या दशकात साखरेचं उत्पादन वर्षाला एक लाख टनांपलीकडे पोचलं आणि कारखाने अडीचशेच्या आसपास झाले. प्रत्येक कारखान्याला भट्टीसाठी सरपण, इमारतीसाठी तुळया, गाड्यांसाठी लाकूड हवं होतं. 1864 मध्ये आगगाडी आली, तिला स्लीपर हवे होते. बेटावरचे वनस्पतितज्ज्ञ व्हॉन आणि वीहे यांनी 1937 मध्ये जुन्या नोंदींवरून 1773, 1835, 1872 आणि 1936 या वर्षांचे जंगलाचे नकाशे शेजारी शेजारी मांडले. 1773 च्या नकाशात बेट जवळजवळ सगळं हिरवं आहे. 1835 च्या नकाशातही निम्म्याहून जास्त जमीन झाडीखाली दिसते. 1872 मध्ये मात्र नैऋत्येचा डोंगराळ भाग आणि काही तुटक ठिपके एवढंच शिल्लक आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या डच-फ्रेंच वस्तीने केलं नाही ते साखरेने सदतीस वर्षांत केलं. कोक-दे-ब्वासाठी खरा प्रलय हा होता.

याच सदतीस वर्षांत मराठी माणूस बेटावर आला. 1839 मध्ये मजूरभरतीवर बंदी आली, 1842 मध्ये ती उठली आणि कलकत्ता, मद्रास यांच्यासोबत मुंबई बंदरही खुलं झालं. रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले कुणबी, मराठे, महार आणि इतर जातींचे लोक या वाटेने गेले. एकूण मजुरांत त्यांचा वाटा लहान होता, पण ते विखुरले नाहीत. त्यांच्या वस्त्या मुख्यतः ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाक्वाच्या बाजूच्या पठारावर झाल्या. कास्कावेल हे गाव आजही त्यांच्या मंदिरासाठी आणि गणेशोत्सवासाठी ओळखलं जातं. नकाशावर हे ठिकाण पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते, ती आपल्या लेखकांनी फारशी नोंदवलेली नाही. 1872 च्या नकाशात जो शेवटचा हिरवा डाग उरला तो याच ब्लॅक रिव्हरच्या डोंगरांत आहे. बेटावरचे मराठी लोक जंगलाच्या अगदी पायथ्याशी राहत होते. म्हणून त्यांचा आणि त्या जंगलाचा संबंध काय होता, हा प्रश्न इतर कुणाहीपेक्षा त्यांच्या इतिहासात जास्त नेमका विचारता येतो.

झाडं याच हातांनी तोडली, हे कबूल केलं पाहिजे. मळा मोकळा करणं, बुंधे उपटणं, काळ्या ज्वालामुखी दगडांचे ढीग रचणं ही कामं मजुरांनीच केली. ते ढीग आजही उसाच्या शेतांत दिसतात. पण हात आणि निर्णय यांत फरक करावाच लागतो, आणि इथे तो करायला कागदोपत्री आधार आहे. गिरमिटाचा मजूर महिन्याला पाच रुपयांच्या आसपास पगारावर बांधलेला असे. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही मोकळेपणाने फिरता येत नसे. 1867 च्या कायद्याने त्याला फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगणं बंधनकारक केलं, आणि तो नसला तर भटक्या म्हणून त्याला पकडता येई. अशा माणसाने जंगलाचं काय करायचं ते ठरवलं, असं म्हणणं पुराव्याला धरून नाही. त्याला जंगलात जायचीही मुभा नव्हती. 1871 मध्ये अदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्यानेच या जुन्या मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर 9,401 सह्या होत्या. त्यातून शाही चौकशी आयोग नेमला गेला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल आला. मळेवाल्यांना मजुरांवर आणि जमिनीवर किती निरंकुश सत्ता होती, हे त्या अहवालाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे नोंदलेलं आहे. आयोग माणसांसाठी नेमला होता. त्याच्या पानांत पक्षी शोधून सापडणार नाही. तरीही जंगलाचं असं का झालं हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने तो वाचला पाहिजे.

उसाने घेतलेल्या जंगलाची किंमत माणसांनी लगेच मोजली. 1866 मध्ये मलेरियाची साथ सुरू झाली आणि 1867 मध्ये तिने बेटावर हजारोंचे बळी घेतले. पोर्ट लुई उजाड झालं. ज्यांना परवडत होतं ते उंचावरच्या थंड क्युरपीपकडे सरकले, आणि त्यांच्या घरांसाठी, रस्त्यांसाठी पठारावरची झाडी तुटली. झाडं गेल्याने नद्या आटल्या, दलदल वाढली, म्हणून ताप आला, असा युक्तिवाद त्या वेळच्या डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनीही केला. ताप डासांमुळे पसरतो हा शोध तेव्हा लागायचा होता, त्यामुळे त्यांचं कारण अर्धंच बरोबर होतं. पण त्या भीतीमुळे 1870 आणि 1880 च्या दशकांत डोंगरमाथे आणि नदीकाठ राखीव ठेवण्याचे कायदे झाले, आणि आज जे थोडं मूळ जंगल आहे त्यातलं बरंच या कायद्यांमुळे वाचलं. प्वाव्रने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट एवढ्या मृत्यूंनंतर पुन्हा शिकावी लागली.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत वजनदार आक्षेप असा: बेटावरचे पक्षी जंगलतोडीने नव्हे, आयात केलेल्या प्राण्यांनी मारले. उंदीर आणि माकडं फार जुनी, मांजरं त्यांच्या मागोमाग. 1892 मध्ये शिपाई बुलबुल आला, जो घरट्यांना त्रास देतो आणि परदेशी झुडपांच्या बिया पसरवतो. 1900 च्या सुमारास उंदरांसाठी म्हणून भारतातलं मुंगूस सोडलं, त्याने पक्ष्यांवरही ताव मारला. हे सगळं खरं आहे. वाटीएवढ्या उघड्या घरट्यातली अंडी माकडाच्या आणि उंदराच्या आवाक्यात असतात, आणि त्याच जंगलातली हिरवा चष्मेवाला ही पक्ष्यांची जात यामुळेच जास्त खंगली. पण इथे रेयुनियोंची साक्ष काढावी लागते. तिथेही उंदीर आहेत, मांजरं आहेत, साळुंकी आहे, बुलबुल आहे. तरीही स्वर्गीय नर्तकाचा तिथला भाऊ जंगलात सहज दिसतो. फरक जमिनीचा आहे. रेयुनियोंचा डोंगर तीन हजार मीटरच्या वर जातो. मॉरिशसचं सर्वांत उंच शिखर 828 मीटरचं. रेयुनियोंच्या उभ्या कड्यांवर नांगर चढू शकला नाही, म्हणून तिथे मूळ जंगलाचा मोठा पट्टा टिकला. मॉरिशसमध्ये नांगर जवळजवळ सगळीकडे पोचला, आणि आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटाच्या 2 टक्क्यांहून कमी आहे. आक्षेपकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: रेयुनियोंवर माकडं नाहीत आणि मुंगूसही नाही, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मवाळ करायला मी तयार आहे. शत्रूंनी पक्ष्याला मारलं, पण शत्रूंपासून दूर जायची जागा उसाने काढून घेतली. मोठ्या जंगलात दरवर्षी काही घरटी लुटली गेली तरी उरलेल्या घरट्यांतून भर निघते. तुकड्यात तसं होत नाही. तिथे एका वादळाने किंवा एका वाईट हंगामानेही पूर्ण वस्ती संपू शकते.

दुसरा आक्षेप लोकसंख्येचा, आणि त्याला प्रतिष्ठेची नावं लाभलेली आहेत. 1960 च्या आसपास अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड आणि समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांच्या अहवालांनी मॉरिशसला माणसांच्या गर्दीखाली बुडणारं बेट म्हणून जगापुढे ठेवलं. तेव्हापासून पक्ष्यांच्या ऱ्हासाचं कारण विचारलं की ‘एवढ्या छोट्या बेटावर एवढी माणसं’ हे उत्तर तयार असतं. त्या वाक्यातली माणसं म्हणजे प्रामुख्याने गिरमिट्यांची नातवंडं, म्हणून हे उत्तर तपासून घेणं आपल्याला भाग आहे. तारखा त्याच्याशी जुळत नाहीत. 1861 च्या जनगणनेत बेटावर सुमारे तीन लाख दहा हजार माणसं होती. लोकसंख्येची मोठी उसळी दुसऱ्या महायुद्धानंतर, डीडीटीने मलेरिया आटोक्यात आणल्यावर आली. जंगल त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी गेलं होतं. आणखी एक गोष्ट: मजुरांच्या वंशजांना स्वतःची जमीन मिळू लागली ती 1870-80 नंतर, मोठे मळे परवडेनासे झाल्यावर त्यांच्या कडेचे तुकडे विकले गेले तेव्हा. या शेतकऱ्यांनीही ऊसच लावला, हे खरं. पण त्यांनी लावला तो आधीच मोकळ्या झालेल्या जमिनीत, आणि जवळच्या कारखान्याला ऊस देण्याखेरीज त्यांना दुसरा बाजार नव्हता.

आपल्याकडे, केनवड ज्या वऱ्हाडात येतं तिथे, हीच गोष्ट वेगळ्या पिकाने घडली, आणि तिच्याकडे पाहिलं की हा दोष माणसांच्या संख्येचा नव्हता हे जास्त स्वच्छ दिसतं. मॉरिशसला गेलेले मराठी मजूर वऱ्हाडातले नव्हते. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होतं. पण 1853 मध्ये इंग्रजांनी ते निजामाकडून आपल्या कारभाराखाली घेतलं, आणि त्याचं मुख्य आकर्षण कपाशी हे होतं. 1861 ते 1865 या अमेरिकेच्या यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा काळ्या मातीची गायरानं आणि गवताळ माळ झपाट्याने नांगराखाली आले. खामगाव आणि अकोल्याच्या बाजारपेठा भरल्या, आगगाडी आली, आणि 1899-1900 च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात माणसं आणि गुरं चाऱ्या-दाण्यावाचून मेली. गेल्या तीन दशकांत कपाशीची बरीच जागा सोयाबीनने घेतली. गवताळ माळावर उड्या मारून मादीला बोलावणारा तणमोर आज अकोला-वाशीमच्या उरल्यासुरल्या गवतात आणि ई-क्लास गायरान जमिनींत तग धरून आहे, आणि त्याच्या रक्षणाच्या कामात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची शिकार केली ते फासेपारधीच पुढे आले आहेत. तणमोर हा काही कोक-दे-ब्वासारखा जंगलातला चिमुकला पक्षी नव्हे, पण कारण तेच आहे: लांबच्या बाजाराने ठरवलेलं एक पीक, त्यासाठी सगळी जमीन, आणि जमिनीचा निर्णय तिच्यावर राबणाऱ्यांच्या हाती नसणं.

तिसरा आक्षेप सर्वांत कुशाग्र आहे आणि तो पक्ष्यांकडूनच येतो. मॉरिशसवर राखाडी चष्मेवाला नावाचा आणखी एक चिमुकला कीटकभक्षी आहे. तोही फक्त तिथलाच, त्याचंही जंगल गेलं, पण तो बागांत, उसाच्या कडेला, शहरातल्या झाडांवर थव्याने हिंडतो आणि मजेत आहे. मग उसाला दोष कसा द्यायचा? याचं उत्तर सवयींत आहे. राखाडी चष्मेवाला किडे खातो, फळं खातो, मधही चाखतो आणि उन्हाला घाबरत नाही. कोक-दे-ब्वाला उडणारे किडे आणि त्यांच्यासाठी दाट, ओलसर सावली लागते. एक पीक सगळ्यांना सारखं मारत नाही. जो कशावरही भागवू शकतो त्याला ते सोडून देतं. आणि हा आक्षेप खोलात नेला तर तो माझ्याच बाजूला येतो. बेटाच्या ईशान्येला ब्रा-द-ओ नावाचं ठिकाण आहे. तिथे पूर्वी उसाचा मळा होता, त्याचे अवशेष अजून उभे आहेत. मळा बंद पडला, तिथे बहुतांशी परदेशी झाडं लावली गेली, आणि त्या झाडीत कोक-दे-ब्वा राहतो. 2011 मध्ये ब्रा-द-ओ राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे पक्ष्याला मूळ जंगलच लागतं असं नाही; त्याला उसाखेरीज काहीतरी लागतं. मॉरिशसच्याच कारभाराखालच्या रॉड्रिग्ज बेटावरचा वटवट्या हाच दाखला आणखी ठळकपणे देतो. एडवर्ड न्यूटन हा मॉरिशसचा वसाहत सचिव आणि हौशी पक्षितज्ज्ञ होता. त्याने मिळवलेल्या नमुन्यावरून 1865 मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन झालं. 1970 च्या दशकात झाडी गेल्याने आणि वादळांनी त्याची संख्या काही डझनांवर आली. पुढे पाणलोटासाठी डोंगर पुन्हा झाडीखाली आणले गेले, त्यातही परदेशी झाडंच जास्त होती, आणि आज तो पक्षी हजारोंनी आहे.

जंगल गेल्याचा दोष केवळ परकीय सत्तेच्या माथी मारून मोकळं होणंही बरोबर नाही. स्वतंत्र मॉरिशसच्या सरकारने 1970 च्या दशकात नैऋत्येच्या ले मार पठारावरचं मूळ बुटकं जंगल साफ करून तिथे पाइनची लागवड केली. जे थोडं उरलं होतं, त्याच भागात हा घाव बसला, आणि डोंगरातल्या अनेक जातींची संख्या त्याने घसरली. निर्णय घेणारे आता मळेवाले नव्हते, पण एका जमिनीवर एकच झाड ही मळ्याची शिस्त त्यांनीही उचलली. मला हे सगळ्या इतिहासातलं सर्वांत वेदनादायक पान वाटतं, कारण इथे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही. यानंतर मात्र वारं फिरलं. 1974 मध्ये जंगलात फक्त चार उरलेल्या मॉरिशस ससाण्याला वाचवण्याचं काम वेगाने सुरू झालं, 1984 मध्ये आजच्या मॉरिशस वाइल्डलाइफ फाउंडेशनचा पाया घातला गेला, आणि 1994 मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, साडेसहा हजार हेक्टरांहून मोठं. जंगलाचे तुकडे कुंपणाने बंद करून त्यातला चिनी पेरू आणि इतर परदेशी झुडपं हाताने उपटली जाऊ लागली. 2006 पासून हिरव्या चष्मेवाल्याला 26 हेक्टरांच्या इल-ओ-झेग्रेत या उंदीरमुक्त बेटावर नेऊन सोडण्यात आलं. ससाण्याला आणि गुलाबी कबुतराला जगभर प्रसिद्धी मिळाली. कोक-दे-ब्वा त्या मानाने मागे राहिला. चार उरलेल्या पक्ष्याची बातमी होते, काही शे उरलेल्या पक्ष्याची होत नाही.

या इतिहासाचं एक काम बाकी आहे आणि ते मराठी अभ्यासकच नीट करू शकतील. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत: नाव, गाव, जात, जहाज, आल्याचं वर्ष, कोणत्या मळ्यावर नेमणूक झाली, आणि पुढच्या काळात फोटोही. दुसरीकडे जंगलाचे नकाशे आहेत, मळ्यांच्या सीमा आहेत, राखीव डोंगरांचे आदेश आहेत. मुंबईहून गेलेली माणसं ब्लॅक रिव्हरच्या कोणत्या मळ्यावर, कोणत्या वर्षी पाठवली गेली आणि त्या मळ्याने डोंगराकडे कधी किती झाडी तोडली, हे या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून गावागणिक सांगता येईल. कास्कावेलपासून सुरुवात करता येईल. तिथल्या शाळांत मराठी शिकणाऱ्या मुलांना आपले पणजोबा कुठून आले हे माहीत असतं. ते आले तेव्हा समोरच्या डोंगरउतारावर काय उभं होतं आणि ते कुणाच्या हुकमाने गेलं, हेही त्याच नोंदींतून त्यांना सांगणं शक्य आहे.